सोजर पाणी बघते

भादवा सरत आला की आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर गाद्या पडतात. लातूरच्या या गल्लीत राहणारी माणसं कमी आणि शिकायला आलेली लेकरं जास्त. जूनमध्ये बापाच्या मोटरसायकलवर, पुढं बादली आणि मागं गादी यांच्या मध्ये दाबून बसून आलेली ही लेकरं पावसाळाभर बंद खोल्यांत पुस्तकांवर वाकलेली असतात. मग एका रविवारी ऊन कडक पडतं आणि सगळ्यांना एकदमच आठवतं की गादीला कुबट वास येतोय. कठड्याकठड्यावर निळ्या, लाल, फुलाफुलांच्या गाद्या लोंबू लागतात. खाली झेरॉक्सच्या दुकानासमोर सायकली एकमेकींत शिंगं अडकवून उभ्या. मेसच्या खिडकीतून वरणाला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास. आणि वारा शिवाराकडून असला तर सोयाबीनच्या मळणीची बारीक, अंगाला खाजणारी धूळ.

ह्याच दिवसांत क्लासवाल्यांच्या पहिल्या मोठ्या परीक्षेचा निकाल लागतो आणि बॅचा बदलतात. वरची बॅच, मधली बॅच, खालची बॅच. सकाळी उन्हात घातलेली गादी संध्याकाळी उचलली जाते ती बरेचदा दुसऱ्याच इमारतीत जाते. जूनपासून एका ताटात जेवलेली दोन पोरं मग रस्त्यात भेटली की एकमेकांना नुसती मान हलवतात. मी गॅलरीत बसून हे बघत असतो. मास्तरकी संपली तरी लेकरं मोजायची सवय जात नाही.

आणखी एक सवय जात नाही. कुठल्याही खोलीत शिरताना मी आधी वर बघतो. बायको विचारते, पंखा बघायलाव का? मी म्हणतो, हो, पंखाच. एवढं खोटं संसारात चालतं. मी बघत असतो स्लॅबकडं, आणि तो काही बोलतोय का ते ऐकत असतो.

भूकंप झाला तो गणपती बुडवल्याच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे. तेव्हा मी जळकोटकडच्या एका शाळेत नवानवा मास्तर होतो. घर कंधारचं. शनिवारी शाळा सुटली की एस.टी. पकडायची आणि आईच्या हातचं खायला कंधार गाठायचं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा. भूकंपानंतर काही दिवसांनी आम्हा मास्तरांची बैठक झाली. हादरलेल्या पट्ट्यातल्या काही शाळांत शिकवायला माणूसच उरला नव्हता. तिथं स्वखुशीनं कोण जाईल, असं साहेबांनी विचारलं. सगळे खाली माना घालून बसले. मी मागच्या बाकावर घड्याळ बघत होतो. बैठक कंधारच्या शेवटच्या गाडीआधी संपेल का, एवढंच मला विचारायचं होतं. म्हणून मी हात वर केला. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. त्यानंतर गाडीचं विचारायची माझी छाती झाली नाही. माझ्या आयुष्यातलं एकमेव शौर्य हे असं घडलं.

औशाकडच्या त्या गावात मी उतरलो तेव्हा दसरा होऊन गेला होता. गाव म्हणजे दगडांचा ढीग, आणि ढिगात मधूनच एखादं दार, चौकटीसकट उभं. त्याच्या पुढंही काही नाही, मागंही काही नाही. जाड दगडामातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद, दरसाल नवी माती चढवून चढवून वजनदार झालेलं. उन्हाळ्यात गार म्हणून ज्यांचं कौतुक करायचं, त्या घरांनी माणसं खाल्ली होती. गावाच्या कडेच्या गडीमाणसांच्या काडाच्या, पाचटाच्या झोपड्या मात्र हलल्या, डुलल्या आणि उभ्या राहिल्या. ज्याचं घर मोठं त्याचं जास्त गेलं. हे तिथं कुणी बोलून दाखवत नव्हतं.

शाळा म्हणजे पत्र्याचं शेड. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, दाराच्या जागी मोकळी जागा आणि खिडकीच्या जागी कापलेलं चौकोनी भगदाड. पत्र्याला त्याचं स्वतःचं बोलणं असतं. दुपारी तापला की तडतड, सांजेला निवला की कडकड, वारा आला की थरथर. दर आवाजाला आतली सगळी मुंडकी वर. भिऊ नका रे, मी म्हणायचो, आणि माझंही मुंडकं वरच.

लेकरांच्या अंगावर मदतीत आलेले कपडे होते. त्या उन्हात कुणाला लोकरीचा स्वेटर, कुणाला सॅटिनचा लग्नातला झगा. सोजर नावाच्या पोरीच्या वाट्याला कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या इंग्रजी शाळेचा मरून कोट आला होता, खिशावर सोनेरी बिल्ला असलेला. कोट गुडघ्याच्या खाली यायचा, बाह्या दोनदा दुमडायला लागायच्या. सहा-सात वर्षांची ती. नाक टोचलेलं, त्यात लिंबाची काडी. बाप पाटलाकडं सालगडी, म्हणजे वर्षाच्या कराराचा गडी. घर पाचटाचं. त्यामुळं घरातल्या कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

तिची मैत्रीण महानंदा, तिच्याच वयाची, दगडी घरातली. आई आणि पाळण्यातला भाऊ गेले. बाप रानात राखणीला होता म्हणून राहिला. महानंदाला बाहेर काढलं ते दिवस चांगला वर आल्यावर. मदतीला धावून आलेली माणसं परगावची, बाप दगडांपुढं सुन्न बसलेला; ढिगाऱ्यात कोण कुठं आहे हे त्यांना कळणार कसं? सोजर त्यांच्या पायांत पायांत करत राहिली, हाकललं तरी जाईना, आणि मग दगडांवर चढून एका जागी उभी राहिली. म्हणाली, महानंदी हितं निजती, उतरंडीपाशी. रोज भातुकलीला जाणारी पोर. मैत्रिणीच्या घराचा कोपरान् कोपरा तिला पाठ होता. माणसांनी तिथं उकरलं. उतरंडीच्या फुटलेल्या रांजणांच्या आडोशाला महानंदा जिवंत होती.

ही महानंदा शाळेला रोज यायची आणि शाळेच्या आत यायची नाही. शेडसमोरच्या लिंबाखाली पाटी घेऊन बसायची. बोलायची, विचारलं तर उत्तर द्यायची; छताखाली मात्र नाही. घरीही तेच. बाप तिच्यासाठी उघड्यावर बाज टाकायचा. अश्विन सरत होता, पहाटेचं दंव पडायला लागलं होतं, आणि पोरीला खोकला धरला होता. थंडीच्या आत तिला छताखाली आणायचं, असं मी मनाशी ठरवलं. मास्तर असल्यामुळं ते मी बोलून करायचं ठरवलं.

तर एका दुपारी मी वर्गात उभा राहून, बाहेर तिला ऐकू जाईल अशा आवाजात, भाषण करत होतो. पत्रा हलका असतो, पत्र्यानं कुणी मरत नाही, भिण्यासारखं यात काहीएक नाही. तेवढ्यात जमीन हादरली, पत्रे खणखणले आणि मी खिडकीतून बाहेर उडी मारली. विचार वगैरे काही केला नाही. सदऱ्याची पाठ पत्र्याच्या कडेला अडकून टर्रकन फाटली आणि मी थेट लिंबाखाली, महानंदापुढं, चारी पायांवर येऊन पडलो. तिनं पाटीवरून मान वर केली.

'गुरुजी,' ती म्हणाली, 'टरक हाय.'

रस्त्यावरून सिमेंटच्या गोण्यांचा ट्रक चालला होता. आतली लेकरं जागच्या जागी बसलेली. ट्रकचा हादरा कोणता आणि जमिनीचा कोणता, हे त्यांना आता झोपेतही कळत होतं. कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं कुणी. मग सगळं शेड. मी फाटक्या पाठीनं दारातून परत आत गेलो. भूकंपानंतर त्या शाळेत हसण्याचा आवाज झाला तो असा, माझ्या खर्चानं.

दुसऱ्या दिवशी सोजर पातेलं घेऊन आली.

त्या मोसमात तिथं घरोघरी, पालापालात उशाशी भरलेलं भांडं असायचं. काठोकाठ पाणी, आणि घरातलं एक माणूस त्याच्यावर नजर ठेवून. पाणी थरथरलं की त्यानं हाक द्यायची आणि बाकीच्यांनी बाहेर पळायचं. जमिनीच्या आधी पाण्याला कळतं, अशी समजूत. खरं होतं का म्हणून विज्ञान शिकवणाऱ्या मास्तराला विचाराल तर नाही. पण कुणीतरी बघतंय म्हटल्यावर बाकीच्यांचा डोळा लागायचा, हे खरं होतं. त्याला लोक पाण्यावर बसणं म्हणायचे. आज पाण्यावर कोण हाय, असं विचारून माणसं आडवी व्हायची.

सोजरनं हे मोठ्यांचं काम शाळेत आणलं. टँकरच्या पाण्यानं पातेलं काठोकाठ भरून दारासमोरच्या दगडावर ठेवलं, कोट आवरून त्याच्यासमोर उकिडवी बसली, हनुवटी गुडघ्यांवर टेकवली आणि महानंदाला म्हणाली, 'मी पाणी बघते. तू जा आत.'

महानंदा उठली. दाराशी गेली, वर बघितलं, मागं बघितलं. आणि आत येऊन अगदी कडेला बसली, एक पाय बाहेर ठेवून. मी काही बघितलंच नाही असं दाखवत पाढा सुरू केला. बे एकं बे. बे दुणे चार. 'सोजे?' महानंदानं हाक दिली. 'हाव,' बाहेरून उत्तर आलं. बे त्रिक सहा. 'सोजे?' 'हाव.' बे चोक आठ. असा तो पाढा चालला. पुढं आयुष्यभर मी बेचा पाढा शिकवला, आणि दर वेळी मधल्या जागा मला रिकाम्या वाटत राहिल्या.

आठवड्याभरात शेडसमोर भांड्यांची रांग लागली. मदतीतलीच सगळी, त्यामुळं एकसारखी. ज्याला आत भय वाटे त्याचा जोडीदार बाहेर पाण्यावर. मी सकाळ-दुपारच्या पाळ्या लावल्या. सकाळी जो आत, तो दुपारी बाहेर. तपासणीला आलेल्या साहेबांनी भांडी बघून विचारलं, शेड गळतं का हो? मी म्हणालो, नाही साहेब, ही भूकंपमापक यंत्रं, आणि हे शास्त्रज्ञ. साहेब त्या उकिडव्या बसलेल्या शास्त्रज्ञांकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता आपल्याला मेमो. साहेबांनी चप्पल काढली आणि एका पातेल्याजवळ जाऊन थोडा वेळ बसले. त्यांचं कोण गेलं होतं, मी विचारलं नाही.

लेकरांना धीर मोठ्यांनी द्यायचा असतो, असं मला शिकवलं होतं. त्या मोसमात मोठ्यांकडं द्यायला नव्हताच. बाप माणसं दिवसभर दगडांकडं बघत बसायची. माझ्याकडं किती होता ते सगळ्या वर्गानं खिडकीतून बघितलं होतं. मग लेकरांनी आपापसातच भागवलं, एका पेन्सिलीचे दोन तुकडे करून दोघांनी लिहावं तसं.

एक जोडी मात्र पाळीत बसेना. दुपारी सोजरनं आत जायचं आणि महानंदानं पाण्यावर बसायचं, असं ठरलेलं. सोजर दाराकडं वळली की महानंदा तिचा कोट मागून धरायची. रडायची नाही, ओरडायची नाही, नुसता धरून ठेवायची, बोटं पांढरी पडेपर्यंत. छताखाली निजलेली आपली माणसं सकाळी कशी निघतात, हे तिनं बघितलं होतं. स्वतः आत बसायला ती शिकली. सोजरला आत जाऊ देणं तिला जमत नव्हतं. त्यामुळं महानंदा दिवसभर आत आणि सोजर दिवसभर बाहेर. महानंदाला काना आला, मात्रा आली, जोडाक्षरं यायला लागली. सोजरला ऐकून ऐकून पाढे पाठ झाले, कविता पाठ झाल्या. अक्षर मात्र डोळ्यांनी बघायचं असतं, आणि तिचे डोळे पाण्यावर होते.

मी म्हणालो, मी बसतो पाण्यावर, तुम्ही दोघी आत जा. महानंदानं माझ्याकडं बघितलं आणि समजुतीनं सांगितलं, 'तुमी नगं, गुरुजी. तुमी पळता.' मग मी पाटी घेऊन सोजरजवळ बाहेर बसलो. हे बघ, ग गवताचा. ती बघेना. मी पाटी तिच्या नाकाशी नेली. 'उगं बसा की जरा,' ती म्हणाली, 'तुमच्या बोलण्यानं पानी हालायलंय.'

एकदा मात्र मी तिला विचारलं, तुला गं भीती कशी वाटत नाही?

'पाण्यावर बसल्यावर भेव वाटत न्हाई, गुरुजी. दुसऱ्याचं बघायचं असतंय.'

आणि पाण्यावर नसताना?

तिनं दुमडलेली बाही खाली ओढून नाक पुसलं. 'तवा लई वाटतंय,' ती म्हणाली, पाण्यावरची नजर न काढता.

मी समजत होतो, एक पोर भित्री आहे आणि एक धीट. तसं नव्हतं. दोघी सारख्याच भ्यालेल्या होत्या, आणि जो काय एक धीर होता तो दोघींत पुरवून पुरवून वापरत होत्या.

दिवाळी आली आणि गेली; तिथं दिवाळी कसली. पण रानात ज्वारी हिरवीगार उभी होती, बांधावरचा तरोटा वाळून खुळखुळत होता, तुरीला पिवळी फुलं आली होती. सगळं दरसालसारखं, कुणाला काही विचारल्याशिवाय. त्या आठवड्यात एका दुपारी जेवणानंतर सोजरनं पातेलं ताज्या पाण्यानं भरलं, महानंदाचा हात धरून तिला दगडाजवळ बसवलं आणि म्हणाली, आता तू बघ, मी जाते. महानंदानं नेहमीसारखा कोट धरला. सोजर थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिनं कोटातून एक हात काढला, दुसरा काढला, कोट महानंदाच्या हातात तसाच सोडला आणि आत आली.

बिनकोटाची सोजर केवढीशी दिसत होती. महानंदाच्या जागेवर बसली. वर बघितलं नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. 'महानंदे?' तिनं हाक दिली. बाहेरून काही नाही. 'महानंदे?' वर्ग गप्प झाला. मीही खडू धरून तसाच उभा. वर पत्रा एकदा तडतडला. मग बाहेरून, अगदी बारीक आवाजात, 'हाव.'

मला आनंदानं काय करावं सुचेना. शिकवायचं सोडून मी एका पोराला पालातल्या दुकानाकडं पिटाळलं, बत्तासे आणवले आणि सगळ्या शाळेला वाटले. सोजर वर्गात बसलेली तेवढी एक दुपार. तिला दोन अक्षरं तरी दाखवता आली असती. मी बत्तासे वाटत होतो. तिनं तिचा खाल्ला नाही. शाळा सुटल्यावर कोट परत अंगात घालून सोनेरी बिल्ल्याच्या खिशात बत्तासा टाकला. धाकट्या भावाला ठेवला असेल, असं मला वाटलं. उद्यापासून असंच हं, मी म्हणालो, एक वेळ ती आत, एक वेळ तू. तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेवर आलो तेव्हा दगडावर पातेलं होतं आणि महानंदा एकटी त्याच्यासमोर बसली होती. सोजरचा बाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला होता, बायकालेकरांसकट, उजाडायच्या आत. ज्या पाटलाकडं तो साल घालायचा, ते पाटीलच ढिगाऱ्याखाली गेलेले. त्याला गावात काम कोण देणार? मुकादमाशी बोलणं दसऱ्यालाच झालेलं. गावाला माहीत होतं. सोजरला माहीत होतं. बत्तासा वाटेत खायला ठेवला होता.

महानंदा त्या दिवशी आत आली नाही. पुढंही कित्येक दिवस नाही. पाण्यावर बसून राहिली. कुणासाठी, हे मी विचारलं नाही. मग एकदा पहिलीतला एक बारका दाराशी अडून रडायला लागला, तेव्हा ती त्याला म्हणाली, जा आत, मी बघते. त्यानं आतून हाका मारल्या, तिनं बाहेरून 'हाव' म्हटलं. आणि पौषातल्या एका गार सकाळी तिनं पातेलं उचललं, पाणी लिंबाला घातलं आणि आत येऊन मधल्या रांगेत बसली. त्या दिवसापासून बापानं तिची बाज आत घेतली.

सोजरची माणसं परत आली नाहीत. उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. तिचा बाप तिकडंच कुठंतरी राहिला, असं कुणीतरी सांगितलं. पुढं गाव उठून नव्या जागी गेलं, शेड मोडलं, माझी बदली झाली. मी खिडकीतून कसा उडालो हे सांगून मी आजवर किती मैफली हसवल्या, त्याला गणती नाही. त्या खिडकीचा पत्रा कुठं वाकलेला होता हेही मला आठवतं. सोजरचं आडनाव आठवत नाही. तिच्या बापाला सगळे पाटलाचा गडी म्हणायचे.

महानंदा शिकली, नर्स झाली. आता नायगावला सरकारी दवाखान्यात असते. तिचा मुलगा ओंकार आमच्याच वरच्या खोलीत राहून डॉक्टर व्हायच्या परीक्षेची तयारी करतो. आला तेव्हा महिनाभर रोज संध्याकाळी घरी जातो म्हणायचा. परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याला उलटी व्हायची. त्याला धरून ठेवलं ते त्याच्या खोलीतल्या जोडीदारानं, जळकोटकडच्या कृष्णानं. तो त्याची पाठ चोळायचा, तोंडावर पाणी मारायचा, चल की बे, मी हाय की, म्हणत सायकलवर डबलसीट घेऊन जायचा. माझी बायको रविवारी चुरमुऱ्याचा सुशीला करून वर पाठवायची, तो दोघं एकाच ताटलीत खायचे.

यंदाच्या भादव्यात निकाल लागला. ओंकार सगळ्यांत वरच्या बॅचमध्ये गेला. त्या बॅचची इमारत शहराच्या दुसऱ्या टोकाला, राहणंही तिथंच. कृष्णा होता तिथंच राहिला. ओंकार म्हणाला, मी जाणार नाही.

महानंदाचा मला फोन आला. 'तुमचं ऐकतो तो, गुरुजी. समजावा त्याला. मैतरापायी कुणी शिकायचं सोडतं का?'

तिकडं दवाखान्यात कुणाचं तरी लेकरू रडत होतं, ते फोनमधून ऐकू येत राहिलं. मग ती म्हणाली, 'मीच येते.'

रविवारी सकाळच्या गाडीनं ती आली. वरच्या खोलीत शिरताना तिनं आधी छताकडं बघितलं, मीही बघितलं, आमची नजरानजर झाली आणि आम्ही दोघंही ओशाळून हसलो. पोरं बघत राहिली. काय बघायलाव, असं कृष्णानं विचारलं म्हणून मी सांगायला बसलो. सवयीनं खिडकीपासून सुरुवात केली. दोघं पोट धरून हसले, कृष्णा जास्त. मग पातेलं आलं, पाणी आलं, सोजर आली. ओंकारला आईनं भूकंप सांगितला होता, सोजर सांगितली नव्हती. तो आईकडं बघायला लागला. मी टोळीपाशी, बत्ताशापाशी येऊन थांबलो.

'मग सोजरचं काय झालं?' कृष्णानं विचारलं.

महानंदा खाटेच्या कडेला बसली होती, पर्स मांडीवर घेऊन.

'दिवाळीनंतर टोळ्या आल्या की मी उसाच्या फडावर जाते, लेकरांना लस द्यायला,' ती म्हणाली. 'माझी पाळी नसली तरी जाते. माझ्या वयाची बाई दिसली की नाव विचारते. सोजर नावाच्या दोघी-तिघी भेटल्या. एकीला म्हणलं, तू औशाकडची का गं? ती म्हणली, बाई, आम्ही कुठकुठं राह्यलो, मला काय आठवतंय. तिला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. बाया तोंड फिरवतात. तिनं फिरवलं न्हाई, सुईकडं बघत राह्यली. मी म्हणलं, भेव वाटत न्हाई का? नुसती हसली. मग मुकादम हाका मारायलाय म्हणून गेली.'

'तीच असंल,' ओंकार म्हणाला.

'असंल. नसंल.'

मग कृष्णा म्हणाला, 'म्हंजे आता सोजर मीच का काय?' त्यानं गमतीनंच म्हटलं होतं. कुणी हसलं नाही, तेव्हा त्याचंही हसू मावळलं. ओंकार भिंतीकडं तोंड करून म्हणाला की मी जाणार नाही म्हणजे नाही. 'गप बे,' कृष्णा म्हणाला, 'येडा झालास का? एवढं वर गेलास, आन् आता नाटक करायलास.' तो गच्चीवर गेला, उन्हात घातलेल्या दोन गाद्यांतली ओंकारची गादी घेऊन आला, तिची गुंडाळी करून सुतळीनं बांधली आणि खांद्यावर टाकली.

महानंदानं त्याला अडवलं नाही. ती मुलाला न्यायलाच आली होती आणि मुलगा जाणार होता, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. ती उठून कृष्णापुढं उभी राहिली आणि तिनं त्याला त्याचं पूर्ण नाव विचारलं. त्यानं सांगितलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. गाव? जळकोट. नुसतं जळकोट नको, ती म्हणाली, वाडी कोणती ते सांग. वाडीत घर कुठं? मारुतीच्या पाराच्या मागं. शेजारी कोण? आईचं नाव काय, आईचं माहेर कुठलं? कंधारकडचं, तो म्हणाला, आणि गादीच्या ओझ्याखाली मान वाकडी करून माझ्याकडं बघायला लागला, की ह्या काकू काय करायल्यात.

'ओम्या, आता तू म्हण,' महानंदा म्हणाली.

ओंकारनं भिंतीकडचं तोंड वळवलं. म्हणून दाखवलं. वाडीच्या नावाशी अडखळला. तिनं परत म्हणायला लावलं.

'काकू,' कृष्णा अवघडून म्हणाला, 'मी काय कुठं चाललोय का? हितंच हाय की.'

'सोजीबी तसंच म्हणली होती,' महानंदा म्हणाली. 'शाळा सुटल्यावर मी तिला विचारलं, उद्या येतीस ना? हितंच हाय की, म्हणली.'

मग ती ओंकारकडं वळली.

'परत म्हण,' ती म्हणाली. 'आडनावापासून.'